एका गोधडीला किती तास

१८ जानेवारी २०२३, बुधवार. सकाळी अकराच्या मीटिंगचं आमंत्रण आलं, विषयाच्या जागी नुसतं ‘चर्चा’ लिहिलेलं. पावणेबाराला मी जागेवर परत आले तेव्हा माझी नोकरी ३१ तारखेपर्यंतच उरली होती.

अकरा वर्षं चार महिने मी त्या कंपनीत पगारपत्रकं करत होते. कोण सोडून चाललंय, त्याची ग्रॅच्युइटी किती, रजेचे पैसे किती, हे सगळं माझ्याच टेबलावर व्हायचं. त्यामुळे समोरच्या बाई बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात माझाच हिशेब सुरू झाला होता. रडू आलं ते त्या खोलीत नाही, संध्याकाळी घरी भाजी निवडताना आलं. मुलगी नववीत होती. तिला आम्ही आठ दिवस काही सांगितलं नाही, आणि ते चुकलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि आम्ही सांगत नाही म्हणून ती जास्त घाबरली होती.

आता दोन वर्षं होऊन गेली. हातानं गोधड्या शिवून विकायला लागल्यापासून ‘मलाही काहीतरी करायचंय, सुरुवात कशी केली?’ असं बऱ्याच जणी विचारतात. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहावं म्हटलं, आकड्यांसकट.

आधी येणं वसूल करा

पहिले दोन महिने मी सुई हातात घेतलीच नाही. आमचा गृहकर्जाचा हप्ता २१,४०० रुपये. नवऱ्याचा पगार होता, पण घर माझ्या ४८,००० वर उभं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

ग्रॅच्युइटीचं तेव्हाचं सूत्र सोपं होतं: शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार २६,००० होता, म्हणजे वर्षाला १५,०००. अकरा वर्षं चार महिने म्हणजे अकराच धरतात. सहा महिन्यांच्या वर गेलं असतं तर बारा धरली असती. झाले १,६५,०००. कायद्यानं हे पैसे तीस दिवसांत द्यायचे असतात. लेखी अर्ज स्वतः द्या आणि त्याची पोच घ्या. मी ही पोच कित्येकांना घ्यायला लावली होती. स्वतःच्या वेळी मात्र ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून घेतली नाही, आणि दोनदा आठवण करावी लागली. पैसे १० मार्चला आले.

पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच कंपनीनं भरली नव्हती. ती भरलेली नसेल तर पुढचे बरेच अर्ज अडतात. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्यालाही भरता येते: यूएएननं (पीएफच्या आपल्या कायमच्या क्रमांकानं) लॉगिन करायचं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, झालं. मी ६ एप्रिलला भरली. तारीख शेवटचा भरणा ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली टाकायची. तेव्हाच्या नियमानं बेरोजगारीला एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिने झाले की सगळे पैसे काढता येत होते. हे नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर वाचूनच करा. मी पीएफला हात लावला नाही. एवढं लक्षात ठेवा की नोकरी सुटल्यानंतरच्या काळात पीएफवर जमा होणाऱ्या व्याजावर कर लागतो. आणि दहा वर्षांच्या वर सेवा झाली असेल तर पेन्शनचा भाग एकरकमी काढता येत नाही, त्याचं प्रमाणपत्र मिळतं.

सगळ्यात घाईचं काम होतं ते आरोग्य विम्याचं. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ती गट विमा संपायच्या आत मागावी लागते. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून मी २० जानेवारीलाच फोन केला. त्या महिन्यात मी शुद्धीवर राहून केलेलं हे एकच काम.

नोकरीसाठी चौदा ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. एक नोकरी मिळत होती, चाकणला, २८,००० वर. येण्या-जाण्यात रोज चार तास गेले असते. ‘नाही’ म्हणताना हात थरथरत होता. आजही तो निर्णय बरोबर होता की नाही हे मी ठामपणे सांगणार नाही.

बारशाची गोधडी

माझं माहेर वाईजवळचं. आमच्याकडे वाकळ म्हणतात. पुण्यात आल्यावर मी गोधडी म्हणायला लागले. आजीच्या हातची वाकळ म्हणजे खाली जुनं नऊवारी, वर नऊवारी, मध्ये जे असेल ते: फाटलेला सदरा, धोतराचे तुकडे, परकर. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर ती अंथरायची आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्याकडे यायची. चौथीत असताना तिनं माझ्या हातात सुई दिली ती माझा टाका वाकडा जातो म्हणून उसवण्यासाठी. उसवता उसवता शिकले.

नोकरीत असताना वर्षाला एखाद-दुसरी गोधडी व्हायची. भाचीला, मैत्रिणीच्या बाळाला, घरकामाच्या मावशींच्या नातवाला. विकायचा विचार मनात आला नव्हता. मार्च २०२३ मध्ये नणंदेच्या घरी बारसं होतं. बाळंतविड्यात द्यायला मी एक छोटी गोधडी केली, ३६ बाय ४२ इंच, सासूबाईंच्या दोन मऊ सुती पातळांची. बारशाच्या फोटोंत ती दिसली आणि नणंदेच्या शेजारणीनं विचारलं, ‘अशी मला करून द्याल? केवढ्याला?’

मी म्हटलं, ‘सहाशे.’

हा आकडा कुठून आला? भीतीतून. जास्त सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि नको म्हटलं तर नोकरीसारखंच होईल, असं काहीतरी आत चाललं होतं. गोधडी झाली, पैसे यूपीआयनं आले, मला फार आनंद झाला. रात्री जुन्या सवयीनं वही काढून लिहिलं: कापड, दोरा, मगजीची (कडेला लावायची) पट्टी मिळून खर्च २४०. उरले ३६०. वेळ मात्र मी रोज घड्याळ बघून लिहिला होता, कारण रिकामा दिवस कुठे जातो हे मला बघायचं होतं. बावीस तास. तासाला १६ रुपये ३६ पैसे.

दर महिन्याला चारशे लोकांच्या पगारात किमान वेतनाची ओळ तपासणारी मी, आणि स्वतःला तासाला सोळा रुपये दिले होते.

त्या वहीमुळे पुढचं सगळं झालं, म्हणून सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीला मी पहिली गोष्ट हीच सांगते: दर ठरवायच्या आधी एक नग घड्याळ लावून करा. ‘टीव्ही बघता बघता होतं’ असलं काही मनात धरू नका. टीव्ही बघतानाही बोटं तुमचीच दुखतात.

दर

एप्रिलमध्ये बसून दर काढला. हात बसल्यावर छोट्या गोधडीला अठरा तास लागत होते. तासाला शंभर रुपये धरले. ते १,८००, सामान २६०, पॅकिंग ६०, आणि फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, चुकलेलं उसवणं यांसाठी २८०. एकूण २,४००.

आकडा नवऱ्याला वाचून दाखवला तेव्हा तो गप्प बसला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, गोधडी काय विकायची वस्तू आहे का? जुन्या लुगड्यांची तर असते. त्याचे दोन हजार कोण देईल?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे गोधडी घरात होते, किंवा दारावर येणाऱ्या बायका शिवून देतात, कापड आपलंच. तिची किंमत करायची सवयच नाही आपल्याला. मग मीही घाबरून सुरुवात १,८०० नं केली आणि वर्षभरात २,४०० वर आणली. शंभरचा दर पहिल्या दिवसापासून लावायला जमलं नाही.

सामानाबद्दल थोडं. दोरा, सुया, मगजीचं कापड मी रविवार पेठेत घेते. बोहरी आळीत पॅकिंगच्या पिशव्या आणि खोकी घाऊक मिळतात. कापडगंजात सुती अस्तराचा ताग्यातला शेवटचा तुकडा विचारायचा, तो स्वस्त पडतो. जुन्या साड्या सुरुवातीला नातेवाइकांकडून आल्या. जुन्या बाजारातूनही मी आणल्या, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, पण तिथली साडी उजेडात धरून बघावी लागते. घडीवर विरलेली असेल तर दोन धुण्यांत फाटते. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, वापरा. मी महिनाभर वापरलं नाही आणि मधल्या बोटाला जखम होऊन आठ दिवस बसून राहावं लागलं.

मे महिन्यातला स्टॉल

सहा गोधड्या तयार झाल्यावर एका सोसायटीच्या हॉलमधल्या प्रदर्शनात टेबल घेतलं. एक दिवस, भाडं १,५००. तारीख २० मे. पुण्यात त्या दिवशी बाहेर पाय ठेववणार नाही असं ऊन होतं. लोक येत, हात लावून बघत, ‘आमची आजी करायची’ म्हणत, पंख्याखाली उभे राहत आणि पुढे जात. संध्याकाळपर्यंत एक छोटी गोधडी गेली, १,८०० ला. रिक्षाचं भाडं आणि चहा धरला तर त्या दिवशी हातात काहीच उरलं नाही.

उन्हाळ्यात गोधडी कोण घेणार हे मला कळायला हवं होतं. पण त्या वेळी वाटलं की सासूबाईंचंच खरं. परत येताना पाच गोधड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले होते आणि दुसऱ्या दिवशी चाकणच्या त्या कंपनीला फोन करायचा असं ठरवून टाकलं होतं. फोन केलाही. ती जागा भरली होती.

मोसमाचं गणित आता पाठ झालं आहे. मार्च ते जून फक्त बाळांच्या गोधड्या आणि छोट्या वस्तू. पावसाळ्यात शिवणं, कारण विक्री कमी आणि घरात वेळ जास्त. मात्र कापड वाळत नाही, त्यामुळे धुण्याचं काम मेमध्येच उरकून ठेवायचं. खरी विक्री नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत.

कागदपत्रं

जूनमध्ये कागदपत्रांकडे वळले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करायची होती. इंटरनेटवर शोधलं, पहिली जी वेबसाइट आली ती उघडली, अर्ज भरला, शेवटी १,५०० रुपये फी मागितली, मी भरली. तीन दिवस झाले तरी काही नाही, फोन उचलत नाहीत. नंतर लक्षात आलं की ती सरकारी वेबसाइट नव्हतीच. सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, कोणतंही कागदपत्र अपलोड करावं लागत नाही, फक्त आधार आणि पॅन लागतं. पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असाच संपतो ना, एवढं बघा. मी परत भरली तेव्हा वीस मिनिटं लागली. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर आधी ते काम करून घ्या, कारण ओटीपीशिवाय पहिलंच पान पुढे सरकत नाही.

त्यानंतर गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागत नव्हतं, ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती मिळायची. घराचाच पत्ता चालला. फोटो आणि मराठी फलकाची माहिती विचारतात. माझा पहिला अर्ज फोटो नीट अपलोड न झाल्यामुळे अडकला, दुसरा गेला. बँकेत चालू खातं उघडायला ही पावती आणि उद्यमचं प्रमाणपत्र दोन्ही लागली. सुरुवातीचे चार महिने मी पैसे घरच्या बचत खात्यातच घेत होते आणि महिनाअखेरीला दूध, किराणा, दोरा सगळं एकात मिसळलेलं असायचं. चालू खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, ते जड जात असेल तर निदान एक वेगळं बचत खातं तरी ठेवा.

जीएसटीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. एका कर सल्लागारांकडे हजार रुपये देऊन तासभर बसले. वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. आपण त्याच्या आसपासही नसतो. अडचण येते ती राज्याबाहेर माल पाठवताना, कारण त्याला एरवी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, पण आपली वस्तू त्या यादीत बसते का आणि अटी काय, हे स्वतःच्या सल्लागाराकडून तपासून घ्यावं. मी पहिलं वर्ष फक्त महाराष्ट्रात विकायचं ठरवलं. बेंगळुरूची एक ऑर्डर नाकारली तेव्हा वाईट वाटलं होतं.

इन्कम टॅक्सचं सोपं आहे. हे उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवायचं. लहान व्यवसायाला तेव्हा ४४ एडी कलमाखाली ठोक पद्धत घेता येत होती: डिजिटल आलेल्या पैशांवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के हा किमान नफा धरत. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. माझा जास्त होता, मी तो दाखवला.

लाल रंग

ऑगस्टमध्ये एक गोधडी परत आली. पांढऱ्या मलमलवर लाल खणाचे चौकोन, फोटोत फार सुंदर दिसत होती. बाळानं ओली केली, आईनं धुतली, आणि लाल रंग सगळ्या पांढऱ्यावर उतरला. तिनं फोटो पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नव्हता. मी २,२०० परत केले. त्या रात्री झोप आली नाही. बाळाच्या अंगाला तो रंग लागला असेल का, हाच विचार.

तेव्हापासून नियम केला आहे. प्रत्येक कापड वेगळं, रात्रभर पाण्यात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. वाळल्यावर ओला पांढरा रुमाल त्यावर जोरात घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या गोधडीत जात नाही, कितीही सुंदर असो. गडद रंगाच्या खणाच्या मी आता पिशव्या आणि पाकिटंच शिवते.

आणखी एक नियम त्याच महिन्यात झाला: अर्धे पैसे आधी. एका बाईंनी मोठी गोधडी सांगितली, चाळीस तासांचं काम झाल्यावर ‘सध्या नको’ असं कळवलं. त्यांचं काही कारण असेल. पण मी उचल घेतली नव्हती.

ठाण्याचं खोकं

सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या एका ताईंचा फोन आला. आई जाऊन सात महिने झाले होते. कपाटात साड्या तशाच होत्या. द्यायला मन होत नाही, नेसायला होत नाही. त्यांच्या तीन भावंडांसाठी तीन गोधड्या हव्या होत्या.

खोकं आलं. नऊ साड्या. एक इरकल, एक नारायणपेठ, दोन नायलॉनच्या, बाकी रोजच्या वापरातल्या सुती. एका पदराच्या टोकाला गाठ होती. उघडून बघितली तर पाच रुपयांचं नाणं आणि एक सेफ्टी पिन. मी ती परत तशीच बांधून ठेवली आणि ताईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘रिक्षात सुट्टे लागतात म्हणून ठेवायची.’

त्यांची एक विनंती होती. पांढऱ्यावर फिकट निळी फुलं असलेली एक साडी धुवायची नाही. तिला अजून वास होता.

न धुतलेलं कापड मी वापरत नाही, वर लिहिलंच आहे. दोन दिवस ते खोकं तसंच ठेवलं. मग रुमालाची परीक्षा केली. रंग जात नव्हता. त्या साडीचे तीन भाग करून तिन्ही गोधड्यांच्या आतल्या थरात घातले. बाहेरून दिसत नाही, पण आत आहे. तसं सांगितलं तर त्या रडल्या आणि म्हणाल्या, ‘तिथंच असू दे.’ गाठीचा तुकडा मी कापून वेगळा पाठवला.

पहिली कात्री लावायला मला सकाळ गेली. आपल्याच साडीला लावताना असं होत नाही. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी इरकलीचा काठ हातात घेऊन कुठून कापावं ते दाखवलं: आडवं नाही, उभं, काठ अखंड राहील असं. नायलॉनच्या साड्या धावदोऱ्यात सरकतात, म्हणून त्यांना खाली पातळ सुती कापड लावून मगच तुकडे केले. हे कुणी करणार असेल तर आधीच करा, मला एक पूर्ण बाजू उसवावी लागली.

तिन्ही गोधड्या ६० बाय ९० इंचांच्या होत्या. प्रत्येकी ६५ तासांच्या आसपास. १२ डिसेंबरला पोस्टानं पाठवल्या. कबूल केलं होतं नोव्हेंबरअखेर, उशीर झाला, तो आधीच कळवला. आता मी मोठ्या गोधडीला सरळ तीन महिने सांगते. पोस्टात पार्सल नेताना आतून प्लॅस्टिकची पिशवी, मग खोकं, आणि पत्ता खोक्याच्या आतही एका कागदावर. पावतीवरचा क्रमांक लगेच ग्राहकाला पाठवायचा म्हणजे दोघांनाही झोप लागते.

मधल्या काळात, २१ आणि २२ ऑक्टोबरला, नवरात्रात दोन दिवसांचा स्टॉल घेतला होता. भाडं ५,०००, घेताना पोटात गोळा आला होता. नऊ छोट्या आणि एक मोठी गोधडी गेली, पाच ऑर्डरी मिळाल्या. या वेळी प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी लावली होती: कापड कुठलं, किती थर, किती तास. लोक तासांचा आकडा मोठ्यानं वाचायचे. त्यानंतर घासाघीस करणारे फार थोडे उरायचे. डिसेंबरात भीमथडी जत्रेत गेले ती फक्त बघायला. बचत गटांच्या बायका काय विकतात, दर कसे लावतात, न विकल्या गेलेल्या मालाचं काय करतात, हे तिथं दोन दिवस फिरून जेवढं कळलं तेवढं घरी बसून कळलं नसतं. विचारलं की त्या मनापासून सांगतात.

पहिल्या वर्षाचा हिशेब

एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. छोट्या गोधड्या ३१, त्यांचे ६३,०००. मोठ्या ७, त्यांचे ५१,५००. उरलेल्या कापडाच्या पिशव्या, पाकिटं, पोळ्यांचे रुमाल यांचे १४,३००. एकूण आले १,२८,८००.

खर्च: सामान २५,२००. स्टॉल ६,५००. पोस्ट, पॅकिंग आणि सल्लागारांची फी मिळून ५,८००. परत केलेले आणि फसलेले ३,७००. एकूण ४१,२००.

उरले ८७,६००, म्हणजे महिन्याला ७,३००.

कुणी ‘नोकरी गेली आणि छंदानं तारलं’ असं म्हणालं की मी हा आकडा सांगते. ४८,००० च्या जागी ७,३०० आले. घर त्यावर चाललं नाही. ग्रॅच्युइटीतले पैसे हप्त्यांत गेले, मुलीचा क्लास बदलला, गाडी विकली. नोव्हेंबर २०२३ पासून मी तीन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले, त्याचे महिन्याला १५,००० येतात, काम दुपारपर्यंत संपतं. दोन्ही मिळून आता श्वास घेता येतो. नुसत्या गोधड्यांवर उभं राहायचं असतं तर मी तीन महिन्यांत चाकणलाच काय, कुठेही गेले असते. तुमच्याकडे मागे काय आहे ते आधी मोजा. पीएम विश्वकर्मा किंवा मुद्रासारख्या योजनांची चौकशी मीही केली होती, पण महिन्याला सात हजार मिळवणाऱ्या कामावर कर्जाचा हप्ता बसवायला मन धजलं नाही. ज्यांचं पूर्णवेळ शिलाईकाम आहे त्यांनी मात्र जरूर बघावं.

मावशी

दुसऱ्या वर्षी ऑर्डरी वाढल्या आणि माझा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सलग तासाच्या वर शिवायचं नाही असं सांगितलं. मग आमच्याच भागात राहणाऱ्या एका मावशींना विचारलं. त्या पूर्वी दारोदार जाऊन गोधड्या शिवायच्या. त्यांचा टाका बघितला आणि मी माझा आवरून ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा, सगळीकडे सारखा.

मी म्हटलं, तासाला शंभर देईन. त्यांनी मान हलवली. ‘ताई, घड्याळ लावून मला नाही शिवता येणार. नगावर द्या.’

मी नगाचा दर काढला, माझ्याच अठरा तासांवरून. छोटीचे १,८००. त्यांना वाटलं मी चुकून बोलले. दारोदारी त्यांना मोठ्या गोधडीचेसुद्धा एवढे कधी मिळाले नव्हते. त्या माझ्यापेक्षा भरभर शिवतात, तेरा-चौदा तासांत करतात, म्हणजे त्यांना तासाला माझ्याहून जास्त पडतात. ते योग्यच आहे. त्यांच्या गोधड्यांवर मला २८० उरतात आणि त्यातच फोटो, मेसेज, पोस्टाची रांग. तरी खांदा शाबूत राहतो आणि ऑर्डर नाकारावी लागत नाही. आता आम्ही महिन्याला पाच ते सहा छोट्या आणि एखादी मोठी गोधडी देतो. यापेक्षा जास्त घेत नाही.

ठाण्याच्या ताईंनी मागच्या महिन्यात फोन केला होता. धाकट्या भावाला मुलगी झाली आहे, आणि ती आजीच्या गोधडीवरच झोपते. पहिल्या गोधडीतला एक इरकलीचा काठ उरला होता तो मी जपून ठेवला होता. आता तो बाळाच्या गोधडीच्या मध्यभागी लावते आहे. काल दुपारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या, चष्मा लावला, काठावरून हात फिरवला. मग उशीखालची माझी वही ओढून घेतली, पान उघडलं आणि म्हणाल्या, ‘परवापासून काही लिहिलं नाहीस तू. किती तास झाले?’